नसलेल्या ब्रेकवरचा पाय

परीक्षकांना लेखक वगैरे काही व्हायचं नव्हतं. त्यांना फक्त राग आला होता आणि तो ठेवायला घरात जागा उरली नव्हती.

हा ताजा राग गुडघ्याच्या डॉक्टरमुळे आला. डॉक्टरने फोटो उजेडात धरला, जीभ टाळ्याला लावून चकचक केलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेतो. चोवीस वर्षं झाली."

"म्हणजे दिवसभर गाडी चालवता."

"नाही. चालवणाऱ्याच्या शेजारी बसतो."

"बसणाऱ्याचा गुडघा असा झिजत नाही हो. आणि झिजला तर दोन्ही झिजतील. तुमचा एकटा उजवाच कसा गेला?"

"ब्रेक दाबून."

"शेजारच्या सीटला ब्रेक असतो?"

"नसतो," परीक्षक म्हणाले.

यावर डॉक्टर हसला. बेताने हसला असता तर परीक्षकांनी सोडून दिलं असतं. पण तो इतका हसला की औषधं देणारी बाई पडद्याआडून डोकावली, आणि मग तिलाही समजावं म्हणून त्याने सगळं पुन्हा सांगितलं. "हे नसलेला ब्रेक दाबतात. चोवीस वर्षं." ती बाईही हसली. परीक्षक एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा अवस्थेत टेबलावर बसले होते. अशा अवस्थेत माणसाला रागावताही धड येत नाही.

खरं म्हणजे यात हसण्यासारखं काय आहे ते कोणीतरी एकदा समजावून सांगावं. शिकवणाऱ्या क्लासच्या गाडीला शेजारी जादा ब्रेक असतो, कारण क्लासच्या मालकाला जिवाची किंमत कळते. परीक्षेला मात्र उमेदवार स्वतःची नाहीतर कोणाची तरी मागून आणलेली गाडी घेऊन येतो. तिला ब्रेक एकच, आणि तो ज्याला गाडी येते की नाही हे अजून ठरायचं आहे त्याच्या पायाखाली. परीक्षकांच्या हाती काय, तर बावीस रकान्यांचा एक छापील तक्ता. 'परीक्षेसाठी कार्यालयाने दोन ब्रेकची एक गाडी घ्यावी' असा अर्ज त्यांनी अकरा वर्षांपूर्वी केला होता. तो विचाराधीन होता. एवढा विचार कोणी लग्न करतानाही करत नाही. तोवर रोज दहा-बारा माणसं परीक्षकांना शेजारी बसवून रहदारीत घेऊन जात होती, आणि चोवीस वर्षं परीक्षकांचा उजवा पाय लोकांच्या गाड्यांचे पत्रे दाबत होता.

निघताना डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि वर सल्ला दिला. "चिडचिड फार आहे तुमची. रोज एक पान लिहून काढत जा. कामावर काय झालं, तुम्हाला काय वाटलं. हलकं वाटेल."

गोळ्यांनी परीक्षकांना पित्त झालं, म्हणून त्या सोडल्या. सल्ला तेवढा राहिला. दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही आली. कार्यालयातून आल्यावर हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचं आणि चहा गार व्हायच्या आत पान भरायचं, असा नेम ठरला. पहिल्या दिवशीचं पान असं होतं: 'उमेदवार अकरा. पास तीन, नापास आठ. आरसा न पाहणे चार. चढावर गाडी मागे जाणे तीन. इतर एक.'

बायकोने ते उभ्याउभ्याच वाचलं. "हे तर तुमच्या तक्त्यासारखंच झालं. इतर एक म्हणजे काय?"

"एक बाई रडली."

"का रडली?"

"नापास झाली म्हणून नाही. नवरा घरी काय म्हणेल म्हणून रडली. तसं म्हणाली."

"मग ते लिहा की."

"त्याला रकाना नाही."

 बायकोने नुसती वही त्यांच्याकडे ढकलली. परीक्षक चिडले, पण त्यांनी लिहिलं. रडणारी बाई पानभर झाली. दुसऱ्या दिवशी, गाडी बंद पडल्यावर स्टिअरिंगला हात लावून 'माफ कर गं' म्हणणारा म्हातारा दीड पान झाला. पंधरा-वीस दिवसांत त्यांच्या असं लक्षात आलं की आपण दिवसभर माणसांच्या चुका मोजतो आणि संध्याकाळी त्याच माणसांविषयी लिहितो तेव्हा त्यांचे चेहरे आठवतात. हा शोध त्यांना आवडला. त्याहून आवडलं ते लिहिताना येणारं बळ. कार्यालयात शब्द काढायची सोय नव्हती. इथे वाटेल त्याला धारेवर धरता येत होतं.

असं लिहिता लिहिता ते एक दिवस मेहुण्यापाशी आले. यायचेच होते. गेली सात वर्षं ते कुठूनही निघाले तरी मेहुण्यापाशीच येत होते.

प्रकरण सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं. सात वर्षांपूर्वी मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिसऱ्यांदा परीक्षेला बसला. आधीच्या दोन वेळा दुसऱ्या परीक्षकाने त्याला रीतसर नापास केलं होतं आणि त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं, कारण पहिल्या वेळी त्याने मैदानातले तीन खांब पाडले होते आणि दुसऱ्या वेळी चौथा. तिसऱ्या वेळी तो दुसरा परीक्षक रजेवर होता. रांग मोठी होती. परीक्षक मेहुण्याच्या शेजारी जाऊन बसले. पुलावर मेहुण्याने खिडकीतून हात काढून ओळखीच्या कोणाला तरी हाक मारली, आणि त्याच वेळी डोक्यावर गादी घेतलेला एक माणूस फुटपाथवरून खाली उतरला. गाडी थांबली. माणूस वाचला. परीक्षकांनी तक्त्यावर 'नापास' लिहिलं.

गाडी गादीवाल्यापासून चार बोटांवर थांबली, असं परीक्षकांचं म्हणणं. चार हातांवर थांबली, असं मेहुण्याचं. बोटं आणि हात यांच्यात ते घर सात वर्षं दुभंगलं होतं. मेहुण्याला औषधकंपनीत फिरतीची नोकरी लागणार होती. परवाना नाही म्हणून त्याच कंपनीने त्याला गोदामात बसवला, तो अजून तिथेच खोकी मोजत होता. नंतर त्याने परीक्षाच दिली नाही. सगळ्या घरगुती कार्यांना तो बसने यायचा, तासभर उशिरा यायचा, आणि उशीर का झाला ते भाऊजींकडे बघून सांगायचा. सासूबाई जावयाला पाणीसुद्धा तोंड वळवून देत. 'सख्ख्या मेहुण्याला नापास करणारा' ही परीक्षकांची ओळख झाली होती. जसा काही त्यांनी त्याला पुलावरून खाली ढकलला होता.

तर त्या संध्याकाळी परीक्षकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथून थेट वहीत उतरली. एका बैठकीत नऊ पानं झाली. चहा गार झाला, पुन्हा गरम झाला, पुन्हा गार झाला. नऊ पानांत सगळं आलं: पत्रे दाबणारा पाय, अकरा वर्षांचा अर्ज, दर वळणावर पोटात पडणारा खड्डा, हसणारा डॉक्टर, गादीवाला आणि मेहुणा. 'चार बोटं. मी पाहिलं आहे,' या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. वही मिटली तेव्हा गुडघासुद्धा दुखत नव्हता.

बायकोने नऊही पानं वाचली. तिचे डोळे एकदा भरलेसे वाटले, ते बहुधा पायाविषयीचं वाचताना. मग म्हणाली, "चांगलं लिहिलंय. खरंच. फक्त माझ्या भावाचं तेवढं काढा."

"त्याच्यासाठीच तर लिहिलंय."

"मग त्याच्याशीच बोलायचं होतं सात वर्षांपूर्वी. वहीशी काय बोलता?"

पुढचे दोन दिवस ती फक्त मिठाची बरणी सरकवण्यापुरती बोलली. परीक्षकांनी ठरवलं की हा लेख आता छापूनच आणायचा. एकदा छापून आलं की प्रश्न मिटला. गावभर लोक वाचतील आणि म्हणतील, बरोबर आहे, चार बोटंच.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी राहत होते. भाषा शिकवायचे. परीक्षकांनी त्यांनाही दोनदा नापास केलेलं होतं (त्या इमारतीत परीक्षकांनी नापास न केलेला माणूस म्हणजे पहिल्या मजल्यावरची आजी, आणि तीही तिने अर्ज केला नव्हता म्हणून). पण गुरुजींनी मनात काही ठेवलं नव्हतं. जे होतं ते त्यांनी लाल पेन्सिलीत ठेवलं होतं.

"साहेब, लेखाला सुरुवातच नाही," गुरुजी म्हणाले. "पहाट कुठे आहे?"

"कार्यालय साडेदहाला उघडतं."

"तरी पहाट हवी. कोवळं ऊन, एखादं पाखरू. वाचक एकदम गाडीत बसत नाही." लाल पेन्सिल फिरू लागली. "आणि हा पाय. नऊ पानांत एकेचाळीस वेळा पाय आलाय. रुक्ष शब्द. चरण करा."

"माझं उजवं चरण झिजलं?"

"बघा, लगेच लय आली. आणि शेवटी संदेश द्या. एवढा राग बरा नव्हे. 'आयुष्यही एक रस्ता आहे,' असं काहीतरी."

परीक्षकांनी वही काढून घेतली. जिना चढताना प्रत्येक पायरीला त्यांचं चरण ठणकत होतं.

मग त्यांनी लेख उतरवून एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीला पाठवला. आठ दिवसांनी संपादकांचा फोन आला. आवाजावरून संपादक काहीतरी खात होते.

"लेख वाचला. मस्त आहे. जरा गंमत वाढवा ना. तो तुमचा मेहुणा पुलावरून पाण्यात पडला तर?"

"तो पडला नाही."

"ललित आहे हो. थोडा पडू द्या."

"तो पडला नाही," परीक्षक पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला की बायकोने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली.

"बरं, राहू द्या. पण तुम्ही नोकरीत आहात. कार्यालयाचं परवानगीपत्र लागेल. नाहीतर उद्या आमच्या गळ्यात यायचं."

इथून पुढे जे झालं ते परीक्षकांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं. शहाणा माणूस परवानगी मागताना 'एक लेख' एवढंच लिहितो. परीक्षकांनी नऊही पानं जोडली. चोवीस वर्षं कागदाला कागद जोडल्याशिवाय त्यांनी काही पाठवलंच नव्हतं. हात तसेच वळले.

मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मोठे साहेब म्हणजे कार्यालयाचे प्रमुख. स्वच्छ माणूस, टेबलही स्वच्छ. "कामाच्या अनुभवावर लिहायला नियमाची हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त त्यात काम येता कामा नये."

"मग अनुभव कशाचा लिहू?"

"ते तुम्ही लेखक मंडळी ठरवा. मी समितीकडे पाठवतो."

समिती तिघांची होती. महिनाभराने नऊ पानं परत आली, पण त्यांच्या कडेला आता तीन शाया होत्या. 'ब्रेक नाही' याशेजारी लिहिलं होतं: 'कार्यालयाची बदनामी. "ब्रेकची गरज भासली नाही" असे करावे.' पोटात पडणाऱ्या खड्ड्याशेजारी खुद्द मोठ्या साहेबांच्या हिरव्या शाईत होतं: 'परीक्षकास भीती वाटणे सेवानियमांत बसत नाही.' आणि मेहुण्याच्या पानावर कोणीतरी इतकं जोरात टोचून लिहिलं होतं की कागद फाटला होता: 'उमेदवार परीक्षकाचा नातेवाईक? नातेवाइकाची परीक्षा घेण्यास मनाई आहे. खुलासा मागवावा.'

लेखाला परवानगी मागायला गेलेल्या माणसाच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडली. दुसरा परीक्षक रजेवर होता, रांग मोठी होती, आपण त्या दिवशी एकूण तेरा परीक्षा घेतल्या, हे सगळं त्यांनी खुलाशात लिहिलं. खुलाशाला उत्तर म्हणून आदेश आला. सात वर्षांपूर्वीची ती परीक्षा रद्द. उमेदवाराची नव्याने परीक्षा घ्यावी, त्याच रस्त्याने, आणि ती मोठ्या साहेबांनी स्वतः घ्यावी. मूळ परीक्षकांनी मागच्या सीटवर बसून रस्ता दाखवावा. त्यात उमेदवार पास झाला, तर मूळ परीक्षकांनी आकसाने निकाल दिला असे धरून पुढील कारवाई करावी.

परीक्षकांचा संताप कोणावर आणि किती, याचा हिशेब ठेवणं आता कठीण झालं होतं. आकस. आकस असता तर घरात सात वर्षं तोंड लपवून जेवले असते का? कार्यालयात ज्यांनी चोवीस वर्षांत एक सुट्टी आगाऊ मागितली नाही, त्यांना आकस. आणि ज्या पायाने चोवीस वर्षं लोकांना वाचवलं, निदान वाचवायचा प्रयत्न केला, त्या पायाचं काय? ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "करू दे त्याला परत तेच. जगाला दिसू दे."

"तो पास व्हावा असं मला वाटतं," बायको म्हणाली. "आणि तुमची नोकरी जाऊ नये असंही वाटतं. आता मी देवाकडे मागू तरी काय?"

परीक्षेच्या दिवशी मेहुणा मित्राची गाडी घेऊन आला. केस बसवलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेली. "माझ्या बाजूने एक माणूस हवा," तो म्हणाला आणि त्याने बहिणीला मागे बसवलं. तिच्या शेजारी परीक्षक. पुढे मेहुण्याच्या बाजूला मोठे साहेब, मांडीवर बावीस रकान्यांचा तक्ता घेऊन. मोठे साहेब उमेदवाराच्या गाडीत बसून किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्यांनी पट्टा लावला, तो ओढून पाहिला, मग पुन्हा ओढून पाहिला.

मैदानात मेहुण्याने एकही खांब पाडला नाही. परीक्षकांना हे जरा लागलं. रस्त्यावर आल्यावर त्याने आरसा पाहिला, इशारा दिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. परीक्षक मागे बसून त्याची चूक शोधत होते, आणि गाडी अशी सरळ चालली होती की त्यांचाच जीव वर-खाली होत होता.

पुलावर उभ्या टेम्पोच्या आडून दोन माणसं एकदम रस्त्यात आली. ती आरशाचं कपाट उचलून नेत होती. मेहुण्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली. हिसकासुद्धा बसला नाही. कपाटवाल्यांनी गाडीकडे पाहिलं, आपल्या हातातल्या ओझ्याकडे पाहिलं आणि कपाट तिथेच टेकवून दम खायला उभे राहिले. गाडी आणि त्यांच्यामध्ये एक माणूस आडवा निजला असता तरी जागा उरली असती.

आरसा गाडीकडेच तोंड करून होता. परीक्षकांना त्यात सगळी गाडी दिसली. मेहुणा समोर बघत होता. मागे बायकोने हात जोडून डोळे मिटले होते. आणि पुढच्या सीटवर मोठे साहेब दोन्ही हात पुढे टेकून, उजवा पाय पत्र्यात रुतवून बसले होते. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. तोंड उघडं होतं.

कपाट उचललं गेलं, दोन पावलं पुढे आलं आणि गाडीच्या नाकासमोरून वळू लागलं. तेव्हा कुठे मोठ्या साहेबांनी डोळे उघडले. समोर हातभर अंतरावर कपाट.

"थोडक्यात वाचलो," ते म्हणाले. "चार बोटंही नव्हती." आणि त्यांनी तक्त्यावर 'नापास' लिहिलं.

मेहुण्याने मागे वळून पाहिलं. बहिणीकडे नाही, परीक्षकांकडे. "भाऊजी, तुम्ही मागे होता. तुम्ही सांगा किती अंतर होतं."

परीक्षकांनी तोंड उघडलं. पण मोठे साहेबच मान वळवून म्हणाले, "तुमचा लेख खरा आहे हो. अक्षर न् अक्षर. आज अंगावर काटा आला. उद्या येऊन परवानगी घेऊन जा."

मागून भोंगे वाजायला लागले.

"गाडी पुढे घे," परीक्षक मेहुण्याला म्हणाले. "लोक खोळंबलेत."

 मेहुण्याने इशारा दिला, आरसा पाहिला आणि गाडी नीट पुढे घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळं मिळालं. नोटीस मागे. तिन्ही शायांचे शेरे रद्द. लेख 'आहे तसा' छापण्यास परवानगी, गोल शिक्क्यासह. दोन ब्रेकच्या गाडीचा अर्ज 'विचाराधीन'मधून निघून 'तातडीने विचाराधीन' झाला. संपादकांनी फोनवर सांगितलं की मेहुण्याला पाण्यात न पाडताही चालेल. गुरुजी अभिनंदनाला वर आले आणि पहाटेविषयी पुन्हा एकदा सुचवून गेले. आणि संध्याकाळी बायको टेबलाशी येऊन उभी राहिली. "सात वर्षं उगाच बोलले तुम्हाला," ती म्हणाली. "आई पण म्हणाली, जावई खोटं बोलणार नाहीत. चहा टाकू?"

"नको," परीक्षक खेकसले.

तिला वाटलं गुडघा दुखतोय. ती गोळ्या शोधायला गेली.

परीक्षकांनी लेख पुढ्यात घेतला. पाकीट तयार होतं, पत्ताही घालून झाला होता. 'चार बोटं. मी पाहिलं आहे.' खाली दोन रेघा. त्यांना त्या रेघांचा राग आला, मग हिरव्या शाईचा, मग मोठ्या साहेबांच्या उघड्या तोंडाचा. ते तोंड काल दुपारपासून त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. चोवीस वर्षं ते त्या सीटवर बसत होते आणि समोर कधी आरशाचं कपाट आलं नव्हतं. पाय दाबला जातो तेव्हा आपण कसे दिसतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण डोळ्यांचं काय होतं ते सांगायला कोणी लागत नव्हतं. ते त्यांना माहीत होतं. गादीवाला उतरला तेव्हापासून माहीत होतं.

त्यांना लाज वाटली. इतकी, की कान तापले.

त्यांनी वहीचं कोरं पान काढलं आणि लिहायला घेतलं. रागाने नऊ पानं झाली होती. हे पाव पानही होईना. तीनदा खोडलं. बायको गोळी आणि पाणी घेऊन आली, तिने खांद्यावरून वाचलं, पेला टेबलावर ठेवला आणि ती समोरच्या खुर्चीवर बसली.  त्यांना वाटलं आता ही म्हणेल, भावाचं तेवढं काढा, किंवा नोकरीचं तेवढं बघा. तिने यातलं काहीच म्हटलं नाही. तिने फोन उचलला, नंबर लावला आणि त्यांच्यापुढे धरला.

"गोदाम सहापर्यंत उघडं असतं," ती म्हणाली.

पलीकडे मेहुण्याचा आवाज आला. मागे खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. परीक्षकांनी घसा साफ केला. ख्यालीखुशाली विचारण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"जरा ऐक. वाचतो," ते म्हणाले, आणि वाचायला लागले. "सात वर्षांपूर्वी पुलावर माझे डोळे मिटलेले होते. मी घाबरलो होतो. गाडी कुठे थांबली ते मी पाहिलं नाही. डोळे उघडले तेव्हा गादीवाला गाडीच्या नाकाशी होता. तो तिथे चालत आला की गाडी त्याच्यापर्यंत गेली, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. मी चार बोटं लिहिली. काल त्याच पुलावर माझे डोळे उघडे होते. मोठ्या साहेबांचे नव्हते. गाडी चार हातांवर थांबली. हे मात्र मी पाहिलं. याची एक प्रत मी उद्या कार्यालयात देणार आहे."

पलीकडे खोकी सरकायची थांबली.  परीक्षकांना वाटलं फोन कट झाला.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "परत वाचा."

परीक्षकांनी परत वाचलं. या वेळी 'घाबरलो' या शब्दापाशी आवाज थोडा फाटला, तो त्यांनी तसाच जाऊ दिला.

"थांबा. फोन ठेवू नका," मेहुणा म्हणाला. मग तो तोंड बाजूला करून ओरडलेला ऐकू आला, "अरे, सगळे इकडे या जरा. काम राहू दे." पावलं आली, कुजबुज झाली, आणि फोनमधला आवाज एकदम मोकळा, घुमल्यासारखा झाला. "हां भाऊजी. आता स्पीकरवर टाकलाय. सात वर्षं मी यांना सांगतोय, कोणी विश्वास ठेवत नाही. सुरुवातीपासून वाचा."

परीक्षकांचा चेहरा लाल झाला. बायकोने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी एक घोट घेतला, वही उजेडात धरली आणि तिसऱ्यांदा वाचायला सुरुवात केली, मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने.